पाहिल्याशिवाय सही नाही

चष्मा कपाळावर सरकवायचा, समोरच्या कागदावर तर्जनी टेकवायची आणि शांतपणे विचारायचं, "हे तुम्ही स्वतः पाहिलंत?" उत्तर मिळेपर्यंत ती तर्जनी तिथून हलत नसे. (एकदा शिंक आली म्हणून हलली होती. हेही लिहून ठेवतो, नाहीतर आजसुद्धा कुठूनतरी प्रश्न येईल, ‘कधीच हलत नसे, हे कशावरून?’)

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. चांगला असतो, सज्जन असतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि तरीही त्याच्याशी दहा मिनिटं काम पडलं की भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. आमच्या अध्यापक विद्यालयाचे ग्रंथपाल तसे होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत. मीही म्हणायचो, बोलत असेन तेव्हा.

विद्यालय वसईत, किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. शाळामास्तर घडवायची शाळा ती. मी तिथं भूगोल शिकवायचो. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. ग्रंथालय म्हणजे पाठीमागच्या दोन खोल्या, आठ कपाटं आणि पाचूबंदराकडून वारा फिरला की आत येणारा सुक्या मासळीचा वास. भाऊ नंदाखालहून सायकलीवर यायचे. पांढरी विजार, बंद गळ्याचा कोट, कॅरिअरला छत्री. इगर्जीतली, म्हणजे चर्चमधली, रविवारची मिस्सा आणि ग्रंथालयाची वेळ, दोन्ही त्यांनी कधी चुकवल्याचं कुणाला आठवत नाही.

प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड असे. नाव, लेखक, दाखल क्रमांक, हे सगळीकडेच असतं. भाऊंनी तळाशी स्वतः पट्टीनं एक रकाना आखला होता : ‘पाहिले’. पुस्तक आलं की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ते एकेक पान उलटत आणि मगच त्या रकान्यात बारीक सही करत. पूर्वी म्हणे एका पुस्तकात मधली सोळा पानं बांधायचीच राहिली होती, आणि एक विद्यार्थी परीक्षेत नेमका त्याच पानांवर अडला. तेव्हापासून ही शिस्त. चारशे पानांचा शब्दकोश आला तरी सुटका नाही. आम्ही बाहेर ताटकळत उभे, आणि हे आत एकेक पान उलटतायत.

आता माझ्या कामाचं सांगतो, म्हणजे माझा संताप तुमच्या लक्षात येईल.

आमच्या किनारपट्टीवरच्या वाड्यांमध्ये बावखलं असतात. बावखल म्हणजे बागेतलं गोड्या पाण्याचं तळं. चार-पाच घरांचं मिळून एक. काठावर प्रत्येकाचा रहाट, आणि त्या पाण्यावर नारळ, केळी, पानवेली. लहानपणापासून मी ती पाहत आलो होतो, आणि आता विहिरींवर पाणी खेचणारी तेलाची इंजिनं आली तसे लोक ती बुजवायला लागले होते. सहा वर्षं सुट्टीचा दिवस सुट्टी म्हणून घेतला नाही. गावोगाव फिरून मी नकाशे काढले, माहिती जमवली. ग्रंथ तयार झाला, पण छापणार कोण? बावखलांवरचं पुस्तक विकत कोण घेणार, असं एका प्रकाशकानं मला तोंडावर विचारलं होतं.

अशा वेळी भाऊंनीच मला हाक मारली. त्यांच्याकडे एक फाइल होती. वर्तमानपत्रांत, सरकारी पत्रकांत कुठं संशोधनाला किंवा ग्रंथप्रकाशनाला अनुदान मिळणार असल्याची सूचना आली की कापून त्या फाइलीत. कुणी सांगितलं नव्हतं, पगारात काही भर पडत नव्हती. विद्यापीठाची एक सूचना काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

"मास्तर, हे तुमच्यासाठी आहे. फेब्रुवारीअखेर अर्ज पोचला पाहिजे."

मला इतका आनंद झाला की मी त्यांचे दोन्ही हात धरले. सूचनेतली शेवटची अट मी तेव्हा वाचलीच नाही. अर्जासोबत संस्थेच्या ग्रंथपालाचा दाखला हवा होता, की ग्रंथातले सर्व संदर्भ त्यानं पडताळून पाहिले आहेत. दुसऱ्या कुठल्या ग्रंथपालानं तो दाखला चहा पिता पिता दिला असता हो!

पहिल्याच दिवशी त्यांनी हस्तलिखित परत केलं. का? तर मी कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहिलं होतं. "छापखान्यातला जुळारी उलटं पान विसरतो, मास्तर. एकाच बाजूला लिहायचं, डावीकडे चार बोटं समास सोडायचा." अडीचशे पानं मी पुन्हा उतरवली. बोटाला घट्टा पडला, तो अजून आहे. हवा तर दाखवतो.

मग संदर्भ. मी ज्या ज्या पुस्तकाचा उल्लेख केला होता ते ते पुस्तक त्यांना समोर हवं. आमच्या आठ कपाटांत काय असणार! भाऊंनी मुंबईच्या ग्रंथालयांना पोस्टकार्डं लिहिली. रेल्वेच्या पार्सलनं पुस्तकं यायची, ते स्टेशनवर जाऊन सोडवून आणायचे, माझं पान आणि मूळ पान शेजारी ठेवून दोन्हींवर एकेक तर्जनी ठेवून वाचायचे. एकदा पृष्ठक्रमांक एकानं चुकला होता. त्यांचा चेहरा असा पडला, की घरात काही वाईट घडलं की काय असं मला वाटलं.

इथवर मी सोसलं. पण माझ्या पहिल्याच प्रकरणात एक दगड होता.

मुंबईच्या एका मोठ्या पंडितांनी आपल्या ग्रंथात लिहिलं होतं, की आमच्याजवळच्या वटार गावातल्या एका बावखलात पाण्याखाली दगड उभा आहे आणि त्यावर रोमन आकड्यांत सोळा कोरलेलं आहे. म्हणजे ही बावखलं सोळाव्या शतकात फिरंग्यांनी, पोर्तुगीजांनी, खोदवली. मी ते जसंच्या तसं घेतलं होतं आणि त्यावर पहिलं प्रकरण उभं केलं होतं. खरं सांगायचं तर एक कारण आणखी होतं. ते पंडित अनुदान समितीवर होते.

तर्जनी त्या दगडावर येऊन थांबली. "हे तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"अहो भाऊ, एवढ्या मोठ्या माणसानं पाहिलंय!"

"त्यांनीही नाही. तळटीप वाचा."

तळटीप मुंगीएवढ्या अक्षरात होती : ‘पाहणाऱ्यांनी सांगितल्यावरून.’

"बरं, उद्या जाऊन पाहून येतो."

"उद्या दिसणार नाही. मी विचारून आलोय. दगड पाण्यात आहे. वैशाखात पाणी उतरतं, सगळी घरं मिळून गाळ काढतात, तेव्हा उघडा पडतो."

"वैशाखात? अर्ज फेब्रुवारीत जायचाय!"

"मग पुढच्या फेब्रुवारीत द्या. किंवा दगड गाळा, मी आत्ता सही करतो."

दगड गाळला तर पहिलं प्रकरणच कोसळत होतं. मी विनवण्या केल्या, आवाज चढवला, टेबलावर हातसुद्धा आपटला. ते शाईची दौत सावरत म्हणाले, "मास्तर, मी पाहिलं असं लिहून द्यायचं आणि पाहायचं नाही, हे मला जमत नाही. राग येऊ देऊ नका."

राग येऊ देऊ नका म्हणे! मी तिथल्या तिथं प्राचार्यांकडे लेखी तक्रार केली. ग्रंथपाल आडमुठे आहेत, संशोधनात खोडा घालतात, त्यांच्याऐवजी प्राचार्यांनी सही करावी, असं बरंच काही खरडलं. प्राचार्यांनी ‘ग्रंथपालांनी पाहून अभिप्राय द्यावा’ असा शेरा मारला आणि तक्रार भाऊंकडेच पाठवून दिली! दुसऱ्या दिवशी भाऊ वर्गाच्या दाराशी हजर. "मास्तर, तुमच्या अर्जावर तारीख राहिलीय. फाइलला लावता येत नाही." विद्यार्थ्यांसमोर मी माझ्याच तक्रारीवर तारीख घातली. त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता, हसू नव्हतं. ते असतं तर बरं झालं असतं.

त्या वर्षीचं अनुदान गेलं. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ग्रंथालयात जावं लागलंच तर चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहून द्यायचो. ते पुस्तक काढून द्यायचे आणि वर म्हणायचे, "वटारला चौकशी केली मी." मी पुस्तक उचलून चालू लागायचो. तिथं बावखलाच्या काठावरच्या एका घरानं इंजिन बसवलं होतं आणि यंदा गाळ काढायचा की नाही यावरून घराघरांत वाद चालला होता. भाऊ त्यासाठी तीन वेळा सायकल मारत वटारला गेले, हे मला नंतर कळलं. गाळ निघाला नसता तर माझं दुसरंही वर्ष बुडालं असतं, आणि मी मात्र इकडे तोंड फुगवून बसलो होतो.

मे महिन्यात एका सकाळी ते घरी आले. कोट तसाच, छत्री तशीच. "आज गाळ काढतायत. चला."

बावखलात पाणी तळाला गेलं होतं. बाया-माणसं रांगेनं उभी राहून गाळाच्या टोपल्या हातोहात वर देत होती; तो काळा गाळ नारळांच्या बुंध्याशी पडत होता. मी काठावरच थांबलो. भाऊंनी बूट काढले, विजार गुडघ्यांवर दुमडली, छत्री उघडली आणि सरळ चिखलात उतरले. छत्री कशाला, देव जाणे! पाचव्या पावलाला गुडघ्यापर्यंत रुतले. गावातल्या दोन बायांनी हसत हसत त्यांना बाहेर ओढलं. ते पुन्हा पुढे. शेवटी मलाही उतरावं लागलं, त्या माणसाला तसं एकट्याला कसं सोडायचं?

दगड होता. पुरुषभर उंचीचा, मधोमध उभा. भाऊंनी ओल्या रुमालानं तो पुसला. सगळ्यात वर दोन तिरक्या रेघांची फुली. तिच्या हातभर खाली दोन रेघा खालच्या टोकाशी मिळालेल्या. आणखी हातभर खाली एकच उभी रेघ. वरून खाली वाचलं तर खरंच रोमन सोळा!

"बघा!" मी ओरडलो. "माझं वर्ष खाल्लंत तुम्ही!"

भाऊ दगडाकडेच बघत होते. "आकडा कुणी असा उभा लिहितं का, मास्तर? तोही हातहातभर अंतर टाकून?" मग त्यांनी काठावर बसलेल्या एका म्हाताऱ्या आजीकडे मान वळवली. "आजी, ही काय नक्षी?"

ती त्या बावखलावरची सगळ्यात जुनी बाई. तिला आमची कीवच आली. "नक्षी कसली? ह्या आमच्या खुना. पानी फुलीच्या खाली गेलं का नारलाचे रहाट बंद. नारल दम धरतो. दुसऱ्या खुनेखाली गेलं का केलीचे बंद. आनि त्या उभ्या रेघेखाली गेलं का पानवेलीचापन बंद. मग पानी फक्त मानसाला आनि गुरांला."

"आणि कुणी ऐकलं नाही तर?"

"ऐकत नाय म्हंजे? दगड काय एकल्याचा हाय?"

मी चिखलात तसाच उभा राहिलो. सहा वर्षं मी बावखलांची लांबी-रुंदी मोजत हिंडलो होतो. कोरड्या दिवसांत पाणी उपसणं कुणी, कधी थांबवायचं याचा नियम गावानं दगडावर कोरून ठेवला होता, आणि मी त्याला फिरंग्यांचं शतक समजून पुढे गेलो होतो. पहिल्या वर्षी सही मिळाली असती तर ते तसंच छापून आलं असतं, माझ्या नावानं.

पण आभार मानायला तोंड उघडतोय तेवढ्यात भाऊंनी आपली तर्जनी काढली. "आता आजींचं म्हणणं लिहून घ्या. त्यांच्याच शब्दांत. तुमच्या नाही."

मी लिहिलं. त्यांनी ते आजीला वाचून दाखवलं, आजीनं दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या, मग अंगठा. दगडावर कागद धरून कोळशानं ठसा घेतला. हे सगळं त्यांनी ग्रंथालयाच्या दाखल-नोंदवहीत हस्तलिखित म्हणून चढवलं आणि क्रमांक दिला. समितीत कुणी ‘याला आधार काय’ म्हणून विचारलं तर क्रमांक दाखवता यावा, म्हणून. मग म्हणाले, बाकीच्या गावांतही ज्यांनी ज्यांनी माहिती दिली त्या सगळ्यांची अशीच नोंद हवी. सगळ्यांची! एकतीस माणसं होती. मी पुन्हा तेवढे उंबरे झिजवले. दोघांनी दुसऱ्यांदा वेगळंच सांगितलं, आणि तेही लिहून घ्यावं लागलं.

पुढच्या फेब्रुवारीत अर्ज गेला. दाखल्यावर भाऊंची ती बारीक सही होती. पहिलं प्रकरण नव्यानं लिहिलं होतं, आणि त्यात पंडितांचं मत बरोबर नाही असं स्पष्ट म्हटलं होतं. आता हे अनुदानही गेलं, असं मी धरूनच चाललो होतो. जूनमध्ये मंजुरीचं पत्र आलं. सोबत पंडितांच्या हातची एक चिठ्ठी : ‘दगड मी पाहिला नव्हता. आपण पाहिलात, हे उत्तम झाले.’

भाऊंनी ती दोनदा वाचली. "मोठा माणूस," म्हणाले. "असं लिहून द्यायला छाती लागते." आणि लगेच, "याची नोंद करू या."

त्या दिवशी तरी मी म्हणायला हवं होतं, की भाऊ, तक्रार केली ती माझी चूक झाली. जिभेवर आलं होतं. पण त्यांनी नोंदवही उघडली, टाक दौतीत बुडवला, चिठ्ठीचा आकार मोजायला घेतला, आणि मी वैतागून निघून गेलो. पुस्तक हातात ठेवताना म्हणू, असं ठरवलं.

छपाई सुरू झाली. मुंबईच्या छापखान्यातून पहिलं प्रूफ आलं, दुसरं आलं. शेवटची सूची भाऊंनीच तयार केली होती. केळीच्या वाळक्या सोपटानं बांधलेले चिठ्ठ्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे. ऋणनिर्देशात मी त्यांचं नाव घातलं होतं, ते त्यांनी प्रुफावर खोडलं. समासात लिहिलं : ‘दगडाचा अर्थ आजींनी सांगितला. त्यांचे नाव घालावे.’ दुसऱ्या प्रुफात सूचीतले सात पृष्ठक्रमांक चुकलेले निघाले.

"तिसरं प्रूफ मागवा," भाऊ म्हणाले.

"भाऊ, सात आकडे! छापखानेवाला करेल बरोबर. आता दिवाळी अंकांची कामं सुरू झाली, की आपलं पुस्तक बाजूला पडेल."

"पडू दे. चुकीच्या पानावर माणूस जाऊन पोचला तर?"

तिसरं प्रूफ मागवलं. झालं तेच! छापखाना दिवाळी अंकांत बुडाला आणि आमचं पुस्तक दीड महिना तसंच पडून राहिलं. भाद्रपद सरता सरता भाऊंना ताप भरला. मी नंदाखालला दोनदा जाऊन आलो. दुसऱ्या खेपेला ते खाटेवर उठून बसले आणि विचारलं, "ते सात आकडे?" "दुरुस्त झाले," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात उचलवत नव्हता, पण तर्जनी गोधडीवर टेकली. "पाहिलंत?"

मी पाहिले नव्हते. छापखान्याचं नुसतं पत्र आलं होतं. "नाही," म्हणालो. ते हसले. मला तरी ते हसल्यासारखे दिसले. तेव्हाही मी माफी मागितली नाही. आजारी माणसापुढे कुठं तो विषय, असं वाटलं.

नवरात्र संपायच्या आत भाऊ गेले. इगर्जीमागच्या दफनभूमीत माती देताना त्यांच्या बायकोनं मला विचारलं, "मास्तर, तुमचं पुस्तक आलं का हो? रोज विचारायचे."

दिवाळीनंतर बाराव्या दिवशी पुस्तकं आली. पहिली प्रत घेऊन मी ग्रंथालयात गेलो. नवे ग्रंथपाल अजून यायचे होते, तात्पुरता कारकून बसला होता. तो म्हणाला, "याचं कार्ड तयारच आहे, मास्तर." आणि खणातून काढून दिलं. भाऊंचं अक्षर. ग्रंथाचं नाव, माझं नाव, विषय, राखून ठेवलेला दाखल क्रमांक. आजारी पडायच्या आधी कधीतरी सगळं भरून ठेवलेलं. तळाशी पट्टीनं आखलेला रकाना : ‘पाहिले’. तेवढा कोरा.

असा राग आला मला! काय अडलं होतं हो तुमचं त्या सात आकड्यांवाचून? दुसऱ्या प्रुफावर सोडून दिलं असतं तर पुस्तक हातात घेतलं असतंत. मीही बोललो असतो.

मग मी तिथंच त्यांच्या टेबलाशी बसलो. पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं. कारकुनाला घरी जायचं होतं, तो किल्ल्या वाजवत दारात उभा होता. मी त्याला थांबायला सांगितलं. मधली पानं सगळी होती. सूचीतले साती आकडे एकेक करून मूळ पानांवर जाऊन पाहिले. बरोबर होते.

कारकून म्हणाला, "सही करा ना आता त्या रकान्यात."

मी दौतीत टाक बुडवला होता. तो पुसून ठेवला. कार्ड खणात सरकवलं आणि त्याला म्हटलं, "ती जागा त्यांची आहे."